लठ्ठपणा : दोष की दुखणे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास दरवळत असताना लठ्ठपणावर बोलायला उभे राहणे हे काही फारसे शहाणपणाचे काम नव्हे. चिटणीसबाईंनी विषय सुचवला तेव्हा मी त्यांना तसे म्हटलेही. त्या म्हणाल्या, "बाई, वडे भाषणानंतर आहेत. तुम्ही निर्धास्त बोला." तेव्हा मी बोलते, आणि आधीच सांगून ठेवते की वड्यांसाठी मीही थांबणार आहे.

मी डॉक्टर नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. यकृत कुठे, स्वादुपिंड कुठे, हे फळ्यावर रंगीत खडूंनी शेकडो वेळा काढून दाखवले. पण इतके शिकवूनही माझ्या स्वतःच्या घरात जे घडत होते ते मला वेळेवर उमगले नाही. म्हणून आजचे हे बोलणे थोडेसे शिक्षिकेचे आणि बरेचसे एका चुकलेल्या धाकट्या बहिणीचे आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, तुमच्यापैकी बहुतेकींच्या ओळखीची. आत्ता ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीने. परवानगी कसली, आज्ञाच आहे तिची. "तू सांगितले नाहीस तर मी उठून सांगेन," असे तिने काल मला बजावले आहे.

अक्का लहानपणापासून अंगाने स्थूल, मी सडपातळ. एकाच आईच्या हातचे, एकाच पंक्तीला बसून जेवलो, तरी घरी आलेला पाहुणा तिच्याकडे पाहून म्हणे, "ही बरी खात्यापित्या घरची दिसते!" सगळे हसत. अक्काही हसे. मोठेपणी पाहुण्यांची जागा मी घेतली. "अक्का, तोंडावर ताबा ठेव. भात सोड. जरा मनाचा निग्रह दाखव." ती बिचारी महिना महिना अर्धपोटी राही, सहा किलो उतरवी, आणि वर्षाच्या आत आठ किलो परत येत. मी मनात म्हणे, हिच्या अंगी चिकाटी नाही.

पुढे माझ्या बावन्नाव्या वर्षी सहज म्हणून आम्ही दोघींनी रक्त तपासून घेतले. अक्काची साखर अगदी व्यवस्थित आणि मधुमेह निघाला मला! माझा विश्वास बसेना. कागदांची अदलाबदल झाली असणार, असे मी डॉक्टरांना सांगून पाहिले. त्यांनी शांतपणे टेप काढली. माझी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की जो आकडा येतो, तो माझा २३.४ आला. आपल्या देशात २००९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मापाप्रमाणे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे मी जेमतेम रेषेवर. पण कंबर भरली ८६ सेंटिमीटर. बायकांची ती ८० च्या आत हवी, पुरुषांची ९० च्या आत. हातपाय काड्यांसारखे आणि चरबी सारी पोटात, अशी माझी ठेवण. साडीच्या निऱ्यांत ती इतकी वर्षे लपली होती.

असे का होते? आपल्या जुन्या घरांत धान्याच्या कोठीची वेगळी खोली असे, ती आठवा. शरीराची कोठी म्हणजे कातडीखालची चरबी. जास्तीचे अन्न तिथे नीट रचून ठेवले जाते आणि अडीअडचणीला उपयोगी पडते. बाईच्या मांड्यांवर व नितंबांवर जी चरबी असते ती बहुधा अशी सालस असते. पण कोठी लहान असली किंवा भरून गेली की पोती माजघरात येतात, मग स्वयंपाकघरात, आणि शेवटी चालायलाही वाट राहत नाही. शरीरात तेच होते. चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात जाऊन बसते. मग स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन पेशींच्या दारावर कितीही थापा मारो, दार नीट उघडत नाही आणि साखर रक्तातच फिरत राहते. अक्काची कोठी मोठी, माझी लहान. तिची चरबी लोकांना दिसली आणि बोल तिला लागले; माझी आत साठली आणि शाबासकी मला मिळाली.

पाळी बंद झाल्यावर पुष्कळ बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, हेही लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर "वजन तेच आहे, पण परकर घट्ट होतो," असे आपण म्हणतो ना, त्याचा अर्थ हा.

या आतल्या चरबीचा शोध घेण्यात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. शेतात राबणाऱ्या बायका त्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान, स्नायूंनी किरकोळ. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला रोड आणि आतून मेदाची. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिकांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही तो वजन-उंचीचा आकडा २२.३, अगदी सारखा. पण शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! तेव्हा भगिनींनो, नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका आणि नुसत्या डोळ्यांवर तर मुळीच नाही.

त्याच सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाजी आणि फळे अधिक वेळा होती, त्यांची बाळे अधिक वजनाची झाली. आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? सुनेच्या पानात भाजी उरते का? मुलाला दूध आणि मुलीला चहा, असा भेद कुठे होतो का? चाळिशीतल्या मधुमेहाचे बी कधी कधी आईच्या ताटात पेरले जाते.

आता माझ्या लाडक्या शब्दाकडे येते : निग्रह. अक्काजवळ तो नाही, असे मी म्हणत असे. शास्त्र काय म्हणते? डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या व पुढे मोठ्या झालेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा बांधा ज्यांच्या घरी ते जेवले-खाल्ले त्यांच्याशी जुळला नाही. ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळला. पुढे १९९४ साली अमेरिकेत डॉ. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या द्रव्याचे गुणसूत्रांतले मूळ सापडले. चरबी ही नुसती निर्जीव पोतडी नाही. ती लेप्टिनच्या रूपाने मेंदूला सतत निरोप धाडते, की घरात शिधा इतका आहे. वजन उतरले की हा निरोप मंदावतो. मेंदूला वाटते, दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आवरता घेतो. लाखो वर्षे दुष्काळात माणूस तगला तो या शहाणपणामुळे. अक्का अर्धपोटी राहून वजन उतरवी तेव्हा तिचे स्वतःचे शरीर तिच्याशी झुंजत होते, आणि वरून मी तिला बोल लावीत होते.

याचा अर्थ सारे दैवावर सोपवावे, असा मात्र नव्हे. आपल्या आजीची गुणसूत्रे आणि आपली काही वेगळी नाहीत. बदलले ते घर. जाते गेले, पाटा-वरवंटा गेला, विहीर गेली. ते गेले याचे मला मुळीच दुःख नाही. आजीचे खांदे त्यात झिजले. पण श्रम गेले आणि तेलाचा डबा मोठा झाला, साखर स्वस्त झाली, बिस्किटांचा पुडा सतत हाताशी आला, झोप कमी झाली. ज्यांच्या रक्तात दुष्काळाची शिदोरी बांधायची सवय आहे, त्यांना हा रोजचा सुकाळ सोसत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आणि मधुमेह एकटा येत नाही. रक्तदाब, हृदयविकार, यकृतात साठणारी चरबी, झोपेत श्वास अडून घोरणे, गुडघ्यांची झीज, तरुण मुलींची पाळी अनियमित होणे, गरोदरपणातला मधुमेह, हे सारे याच गोतावळ्यातले. अक्काची साखर ठीक होती, पण रक्तदाब आणि गुडघे तिच्याही मागे लागलेच होते. काही जातींचे कर्करोगही याच गोतावळ्यात मोडतात. त्याविषयी आता सांगते. मन घट्ट करून ऐका.

अक्काची पाळी बंद होऊन नऊ वर्षे झाली होती. एके दिवशी तिला रक्ताचा डाग दिसला. पुन्हा महिन्याने दिसला. आठ महिने ती गप्प राहिली. शिकलेली बाई, तिला कळत नव्हते असे नाही. पण पूर्वी गुडघ्यासाठी ती एका डॉक्टरांकडे गेली होती, तेव्हा त्यांनी गुडघ्याला हातही न लावता म्हटले होते, "आधी वीस किलो कमी करा, मग या." कान दुखला तेव्हाही दुसरीकडे वजनाचेच ऐकावे लागले. तेव्हापासून दवाखान्याची पायरी नको, असे तिने ठरवूनच टाकले होते. आणि मला का सांगितले नाही? मी नंतर विचारले. ती म्हणाली, "तू पुन्हा भातावर आली असतीस." शेवटी तिने शेजारच्या वहिनींना सांगितले आणि त्या तिला हाताला धरून घेऊन गेल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. आता चार वर्षे झाली. ती आपल्यात आहे. पण वहिनी नसत्या तर?

यामागचे जीवशास्त्र मी वर्गात कधी शिकवले नव्हते. पाळी बंद झाल्यावर बीजकोश आपले काम थांबवतात. पण चरबी मात्र इस्ट्रोजेन नावाचा स्त्रीरस तयार करीतच राहते. त्याला आवर घालणारा दुसरा रस आता नसतो, म्हणून गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि कधी त्यात कर्करोग उद्भवतो. म्हणजे ज्या बाईने सर्वांत आधी डॉक्टरांकडे धावले पाहिजे, तीच बोलण्याच्या भीतीने सर्वांत उशिरा जाते. चरबीने जेवढे केले नसेल तेवढे नुकसान तिथे आपल्या जिभा करतात. माझे बाकीचे सारे भाषण विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका : पाळी बंद झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या. बहुतेक वेळा कारण साधेच निघते; पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे, आपले नव्हे.

आता उपचार. पहिली आनंदाची गोष्ट अशी, की सडपातळ होण्याची गरजच नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वजन शेकडा सात उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, एवढेच ध्येय त्यांना दिले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने असाच प्रयोग केला. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. तिथे हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, आणि गंमत अशी की लोकांचे वजन फारसे उतरलेच नव्हते! म्हणजे काटा हलायच्या आधीच शरीर सुधारू लागते. तेव्हा काटा हलत नाही म्हणून चालणे सोडू नका.

नुसते चालण्याबरोबर थोडे बळाचे कामही हवे. रक्तातली साखर वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दंड काढा. ताटात आधी भाजी-कोशिंबीर, मग घट्ट वरण किंवा उसळ, आणि भात-पोळी मोजकी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि वर बटाट्याचा कीस घेणाऱ्या आपण. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटले नाही. आणि उरलेली आमटी-पोळी वाया जाऊ नये म्हणून ती पोटात ढकलण्याची आपली खोड! अन्नाची नासाडी नको हे खरे, पण आपले पोट म्हणजे घरातले उरलेसुरले ठेवण्याचे फडताळ नव्हे. उद्यापासून एक मूठ कमी शिजवा.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१७ साली आणखी एक गोष्ट दिसली. मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नव्हती अशा लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने अगदी मोजका आहार दिला, तेव्हा वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधांवाचून माघारी गेला. यकृत व स्वादुपिंडातली पोती हलली की असे होऊ शकते. पण हा प्रयोग घरी आपल्या मनाने करू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिले तर साखर धोक्याच्या खाली जाते.

सध्या जिकडेतिकडे इंजेक्शनांची चर्चा आहे. जेवल्यावर आतड्यातून एक रस निघतो, तो मेंदूला 'पुरे' म्हणून सांगतो. त्याची नक्कल करणारी ही औषधे. वजनासाठी म्हणून ती २०२५ साली आपल्या देशात आली. त्यांपैकी सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. यावरूनच हे दुखणे रक्तदाबासारखे दीर्घकाळाचे आहे, हे ध्यानात यावे. ही औषधे मळमळ, उलट्या करतात, गरोदरपणात चालत नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून कुणी घेऊ नयेत. पण गरज असेल आणि डॉक्टर देत असतील, तर घेणारीला "आळशी माणसाचा उपाय" म्हणून हिणवूही नये. चष्मा लावणाऱ्याला आपण आळशी म्हणतो का? वजन फारच वाढून सोबत मोठी दुखणी असतील तर जठराची शस्त्रक्रिया हाही खरा उपचार आहे. मात्र पुढे जन्मभर जीवनसत्त्वे व तपासण्या सांभाळाव्या लागतात. पट्टे, चूर्णे, थायरॉइड नसताना थायरॉइडच्या गोळ्या, यांपासून मात्र चार हात दूर राहा.

माझी साखर आज आटोक्यात आहे. कंबर ८६ वरून ८१ वर आली; एक सेंटिमीटर अजून माझ्याशी हुज्जत घालीत आहे. अक्का रोज सकाळी माझ्याबरोबर अर्धा तास चालते, गुडघ्याला पट्टा बांधून. वजन तिचे चार किलोंनीच उतरले, पण रक्तदाबाची एक गोळी सुटली. मी आता भाताविषयी एक अक्षर बोलत नाही.

जाता जाता मंडळापुढे तीन सूचना ठेवते. आपल्या शिवणवर्गात टेप आहेच; महिन्यातून एकदा पडद्याआड कंबर व रक्तदाब मोजण्याची सोय करावी, आणि आकडा जिचा तिलाच कळावा. दुसरी, हळदीकुंकवाला दारातच "अगंबाई, किती जाड झालीस!" असे स्वागत करण्याची चाल आजपासून बंद व्हावी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : जिला दवाखान्यात जायचे आहे आणि धीर होत नाही, तिच्यासोबत जायला मंडळातील दोघी सदैव तयार असाव्यात. पहिले नाव माझे लिहून घ्या. दुसरे अक्काने कालच दिले आहे.

आता वडे तळून झालेले दिसतात. अक्का वडा खाईल, मीही खाईन. कुणी कुणाचे मोजायला बसू नये, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.